टीम रोपरची कारकीर्द आणि दावं खाली ठेवल्यानंतरचं आयुष्य

प्रश्न असा आहे: ह्यूस्टनला मार्चमधल्या रोडिओत टीम रोपिंग पाहिलं. दोन घोडेस्वार निघतात, एक गोऱ्ह्याच्या शिंगांत फास टाकतो, दुसरा मागच्या पायांत, आणि पाच-सहा सेकंदांत सगळं आटोपतं. एवढ्यावर हे लोक वर्षभर पोट कसं भरतात? आणि वय झाल्यावर काय करतात?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बैलावर बसणारा रायडर तिशीच्या आसपास थांबतो, हाडंच त्याला थांबवतात. टीम रोपरला कुणी थांबवत नाही. ॲलन बाख यांचं पहिलं जगज्जेतेपद १९७९ चं आणि शेवटचं २००६ चं. वॉल्ट वुडर्ड १९८१ मध्ये जिंकले आणि नंतर थेट २००७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. ही उदाहरणं प्रत्येक रोपरला पाठ असतात आणि माझ्या मते तीच अनेकांचा घात करतात. इथे उतार इतका मंद असतो की आपण उतरतोय हे कळत नाही. खर्च क्रमवारीतल्या पहिल्या पंधरातल्या माणसाचा चालू राहतो आणि कमाई चाळिसाव्या क्रमांकाची होते. म्हणून रोपरचं दुसरं आयुष्य पहिलं चालू असतानाच उभं करावं लागतं. ते कसं, हे कळण्यासाठी आधी त्या पाच सेकंदांत काय घडतं ते नीट बघू.

आखाड्याच्या एका टोकाला शूट, म्हणजे जनावर सोडायचा अरुंद कप्पा असतो, त्यात गोऱ्हा उभा. हे बहुधा कोरिएंते जातीचे, मेक्सिकन वंशाचे, काटक आणि शिंगाळे. शिंगांच्या मुळाशी आणि कानांवर जाड पट्टी बांधलेली असते, म्हणजे दाव्याने कातडी सोलत नाही. शूटच्या डावीकडच्या कप्प्यात हेडर, म्हणजे शिंगांत फास टाकणारा, उजवीकडे हीलर, म्हणजे मागचे पाय धरणारा. हेडरसमोर बॅरियरची दोरी ताणलेली असते. गोऱ्ह्याला ठरलेल्या अंतराची आघाडी मिळाली की ती आपोआप सुटते. त्याआधी घोड्याने ती तोडली तर १० सेकंदांचा दंड. हेडरला तीनच पकडी मान्य आहेत: दोन्ही शिंगं, गळा, किंवा एक शिंग आणि नाक मिळून अर्धं डोकं. फासाला आठच्या आकड्यासारखी अढी पडली तर पकड बाद. हीलरच्या फासात एकच पाय आला तर ५ सेकंद दंड. हेडरने गोऱ्ह्याची दिशा बदलण्याआधीच हीलरने फास टाकला तर तो क्रॉसफायर, मग त्या फेरीची वेळच धरली जात नाही. दोन्ही दावी खोगिराच्या खुंटाला वेढलेली, कुठेही ढील नाही आणि दोन्ही घोडे गोऱ्ह्याकडे तोंड करून उभे, असं दिसलं की पंच झेंडा पाडतो.

२००९ च्या नॅशनल फायनल्समध्ये, म्हणजे वर्षअखेरीच्या अंतिम स्पर्धेत, चॅड मास्टर्स आणि जेड कॉर्किल यांनी हे ३.३ सेकंदांत केलं. पण रोपर लोक त्याहून जास्त आदराने बोलतात ते १९९४ च्या एका आकड्याबद्दल: जेक बार्न्स आणि क्ले ओब्रायन कूपर, दहा गोऱ्हे, एकूण ५९.१ सेकंद. एक झटपट फेक नशिबानेही लागते. दहा रात्री सलग, दहा वेगळ्या गोऱ्ह्यांवर सरासरी सहा सेकंदांच्या आत राहायला घोडा, हात आणि जोडीदार तिन्ही शाबूत लागतात.

प्रेक्षकाला हेडरची फेक दिसते. जाणकार त्यानंतरचा एक सेकंद बघतो, त्याला हँडल म्हणतात. शिंगांत फास बसल्यावर हेडर ढील खेचतो, खुंटाला वेढा देतो आणि घोडा डावीकडे वळवतो. हा वळणाचा क्षण झटक्याचा झाला तर गोऱ्ह्याचा मागचा भाग फटकाऱ्यासारखा बाहेर जातो, पाय वेडेवाकडे पडतात आणि हीलरला काहीच उरत नाही. चांगला हेडर गोऱ्ह्याचं डोकं आधी आपल्याकडे वळवून घेतो, त्याचा वेग थोडा मोडतो आणि मग त्याला एकाच चालीत ओढत नेतो. गोऱ्हा मग सशासारखा दोन्ही पाय जोडून उड्या मारतो. हीलर त्या उड्यांच्या तालावर आपलं दावं फिरवत असतो. दोन्ही पाय हवेत पुढे येत असताना त्याचा फास पोटाखालून उभा राहून वाट बघत असला पाहिजे. एक पाय का सुटतो? बहुतेक वेळा हीलर घाई करून ढील आधीच उचलतो आणि दुसरा पाय आत यायच्या आत फास मिटतो. नाहीतर तो गोऱ्ह्याच्या फार जवळ घुसलेला असतो, मग फासाला उभं राहायला जागाच नसते.

आता अंगठा. टीम रोपिंगमधली सगळ्यात ओळखीची जखम हीच. खुंट आणि ताणलेलं दावं यांच्यामध्ये बोट आलं, तर एका बाजूला सव्वादोनशे-अडीचशे किलोचा पळता गोऱ्हा आणि दुसऱ्या बाजूला पाचशे किलोंचा घोडा, असा हिशेब होतो. बोट कापलं जात नाही, उपटलं जातं. शिरा आणि मज्जातंतू लांबवर ओढून तुटतात, म्हणून ते परत जोडणं अवघड असतं. जेक बार्न्स यांच्यासारख्या सात वेळच्या जगज्जेत्याचा उजवा अंगठा २००५ च्या फायनल्समध्ये असाच गेला. पुढे ते पुन्हा फायनल्सला पात्रही ठरले, पण प्रत्येकाला ते जमत नाही.

हे टाळायची पद्धत प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात आणि दमलेला जुना खेळाडू ती विसरतो. फास बसला की ढील खेचून हात उजव्या कमरेपाशी आणायचा, म्हणजे दावं सरळ आणि ताठ होतं. मग अंगठा वर ठेवून, मूठ उभी ठेवून, खुंटाभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने वेढा द्यायचा. अंगठा खाली वळला की तो दाव्याच्या मार्गात येतो. नजर क्षणभर खुंटाकडे असावी. डाव्या हातातली वेटोळी मोठी आणि मोकळी असावीत, त्यात बोट अडकता कामा नये. आणि वेढा चुकतोय असं वाटलं तर दावं सोडून द्यायचं. शंभर डॉलरचं दावं नि एक फेरी जाते, एवढंच. खुंटाला हल्ली ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या गुंडाळतात. त्यामुळे एका-दोन वेढ्यांत पकड बसते, पण दावं जरासुद्धा सरकत नसल्याने चुकीला माफीही नसते. सराव करणाऱ्यांनी रबर थोडं गुळगुळीत झालेलं ठेवावं. अपघात झालाच तर तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फावर ठेवलेलं बोट गोठून वाया जातं.

साहित्याबद्दल थोडंच सांगतो. दावं नायलॉनचं किंवा नायलॉन-पॉलिएस्टरचं, तीन किंवा चार पदरी, साधारण एक सेंटिमीटर जाड. हेडरचं ३० ते ३२ फूट आणि मऊ पिळाचं, कारण शिंगांवर पडल्यावर ते पटकन मिटायला हवं. हीलरचं ३५ फुटांच्या आसपास आणि कडक पिळाचं, कारण फास जमिनीवर उभा राहायला हवा. उन्हात दावं मऊ पडतं, थंडीत ताठरतं. म्हणून प्रत्येकाच्या डब्यात पाच-सहा वेगवेगळ्या पिळाची दावी असतात आणि तो डबा पिकअपच्या तापलेल्या हौद्यात कधीच ठेवत नाहीत.

खरा खर्च आणि खरी कमाई दोन्ही घोड्यात आहेत. जवळपास सगळे क्वार्टर हॉर्स जातीचे. हेडरचा घोडा मोठा लागतो, १५ हात किंवा वर (घोड्याच्या उंचीचा हात म्हणजे चार इंच), वजन १,१०० ते १,२५० पौंड, कारण गोऱ्ह्याला ओढायचं त्याला असतं. हीलरचा थोडा लहान, मागच्या पायांवर बसून थांबणारा. चांगल्या घोड्याची पहिली परीक्षा पळण्याची नसून कप्प्यात उभं राहण्याची असते. शेजारी शूट खडखडतंय, लोक ओरडतायत, आणि तो लगाम ढिला असताना कान पुढे करून नुसता गोऱ्ह्याकडे बघतोय, असा घोडा महिन्याला कित्येक बॅरियर वाचवतो. कप्प्यात नाचणारा घोडा दर चौथ्या फेरीला १० सेकंदांचा दंड आणतो आणि मालक म्हणतो नशीब खराब आहे.

असा घोडा बिघडतो तो जास्त सरावाने. प्रत्येक गोऱ्ह्यामागे पूर्ण वेगाने सोडलं की तो कप्प्यात अधीर होतो. म्हणून अनुभवी माणूस सरावात निम्म्याहून जास्त वेळा गोऱ्हा सोडतो आणि घोड्याला जागेवरच उभा ठेवतो, नाहीतर दावं न टाकता नुसता मागे चालवतो. फेकीचा सराव लाकडी किंवा प्लास्टिकच्या डमीवर जमिनीवर उभं राहून रोज शंभर-दोनशे वेळा करता येतो. त्यासाठी घोड्याचे पाय झिजवायची गरज नाही.

प्रवासात घोडा सांभाळणं हे वेगळंच शास्त्र आहे. त्याला दिवसाला सुमारे २० पौंड गवत आणि उन्हाळ्यात १० गॅलन किंवा जास्त पाणी लागतं. अनोळखी गावचं पाणी तो पीत नाही, म्हणून घरून निघतानाच पाण्यात थोडी चव घालायची सवय लावतात, म्हणजे सगळीकडचं पाणी सारखं लागतं. पाणी कमी पडलं की पोटशूळ. ट्रेलरमध्ये डोकं उंच बांधून दहा तास नेलं तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. म्हणून दर चार तासांनी थांबायचं, डोकं सोडायचं, मान खाली घालू द्यायची. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, घोट्यांची आणि खुरातल्या नॅव्हिक्युलर हाडाची तपासणी, राज्य ओलांडताना आरोग्य प्रमाणपत्र आणि घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा कॉगिन्स चाचणीचा अहवाल. कागद नसला तर सीमेवरून माघारी पाठवतात आणि भरलेलं प्रवेशशुल्क बुडतं.

आता वर्षाचा हिशेब. व्यावसायिक संघटनेचं, म्हणजे पीआरसीएचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. गुण वगैरे काही नाही, जिंकलेला प्रत्येक डॉलर हाच गुण. वर्षअखेरीस पहिले १५ हेडर आणि पहिले १५ हीलर डिसेंबरात लास व्हेगासच्या थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये दहा रात्री खेळतात. १९८५ पासून फायनल्स तिथेच भरतात, अपवाद कोविडमुळे २०२० मध्ये टेक्सासातल्या आर्लिंग्टनला नेलेल्या स्पर्धेचा. हेडर आणि हीलर यांची कमाई वेगळी मोजली जाते, त्यामुळे एकाच वर्षीचे दोन जगज्जेते एकमेकांचे जोडीदार असतीलच असं नाही. अलीकडे फायनल्समध्ये एका रात्रीचं पहिलं बक्षीस माणशी ३० हजार डॉलरच्या वर असतं. म्हणजे पंधराव्या क्रमांकाने आत शिरलेला माणूस दहा रात्रींत वर्षभराची भरपाई करू शकतो. सोळावा मात्र घरी बसतो आणि त्याचा खर्च पंधराव्याइतकाच झालेला असतो. या एका पायरीने अनेक संसार हलवलेत.

हिवाळ्यात डेन्व्हर, फोर्ट वर्थ, सॅन अँटोनियो, ह्यूस्टन. उन्हाळ्यात जूनअखेर रेनो आणि मग ४ जुलैच्या आसपासचा आठवडा, ज्याला काउबॉय ख्रिसमस म्हणतात. ॲरिझोनातलं प्रेस्कॉट, कोलोरॅडोतलं ग्रीली, वायोमिंगमधलं कोडी, ओरेगनमधलं सेंट पॉल, सगळं एकाच आठवड्यात. रात्रभर गाडी चालवायची, सकाळी स्लॅकमध्ये, म्हणजे प्रेक्षकांच्या खेळाबाहेरच्या फेरीत, गोऱ्हा धरायचा आणि दुपारी पुढे निघायचं. जुलैअखेर शायएन, सप्टेंबरात पेंडलटन. पेंडलटनचा आखाडा हिरवळीचा आहे, तिथे वळताना घोडे घसरतात, म्हणून नालाला पकड लावूनच उतरतात. शायएनला गोऱ्ह्याला मोठी आघाडी मिळते, तिथे वेगवान हेड-घोड्याशिवाय गेलं तर गोऱ्हा हाताला लागेपर्यंत अर्धं मैदान संपतं. लास व्हेगासच्या छोट्या आखाड्यासाठी मात्र सगळं उलट: आघाडी कमी, भिंत जवळ, कप्प्यातून निघतानाच फेकायचं. एकच घोडा हे सगळं करत नाही, म्हणून वरच्या रोपरकडे दोन-तीन घोडे असतात.

खर्चाचं एकच उदाहरण पुरे. ट्रेलर ओढणारी डिझेल पिकअप गॅलनला १० मैल देते असं धरा. वर्षाला ६०,००० मैल झाले तर ६,००० गॅलन. गॅलनला ४ डॉलर धरले तर नुसतं इंधन २४,००० डॉलर. त्यावर प्रवेशशुल्कं, नाल, वैद्य, टायर, खाणं, घरी ठेवलेल्या घोड्यांचा आणि सरावाच्या गोऱ्ह्यांचा खर्च. शिवाय प्रायोजक नसताना हे सगळं बक्षिसातूनच. म्हणून जिंकलेली रक्कम आणि हातात उरलेली रक्कम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि बातम्यांत पहिलीच छापून येते.

जोडीदार हे आणखी एक प्रकरण. १ ऑक्टोबरला जोड्या ठरतात आणि फेब्रुवारीत मोडायला लागतात. कारण क्वचितच फेकीचं असतं. इंधन कुणी भरायचं, कुणाच्या ट्रेलरने जायचं, कुठल्या रोडिओला नाव द्यायचं, हे आधी स्पष्ट नसतं. प्रवेश एका मध्यवर्ती केंद्रात फोनवर किंवा ऑनलाइन नोंदवतात. दोघांपैकी एकजण हे काम करतो, एखादी तारीख चुकते, आणि तिथून कुरबूर सुरू होते. एका पानावर लिहून ठेवलेला करार हजार मैलांची भांडणं वाचवतो. स्पीड विल्यम्स आणि रिच स्केल्टन १९९७ ते २००४ अशी सलग आठ वर्षं जगज्जेते राहिले, त्यात जोडी न मोडणं याचा वाटा फेकीइतकाच धरतो मी.

थांबायचं कधी? उजवा खांदा, कोपर आणि कंबर हळूहळू झिजतात, पण ते सहन करत खेळता येतं. डोक्याचा मार वेगळा. बार्न्स २०१५ मध्ये फायनल्सच्या काही आठवडे आधी सरावात घोडा पडल्याने डोक्याला गंभीर मार बसून अंथरुणाला खिळले. दुसऱ्यांदा डोक्याला मार बसला की विचार करत बसू नये. एरवी माझी कसोटी पैशाची आहे: सलग दोन हंगाम, घोड्यांचा घसारा धरून, खर्च बक्षिसापेक्षा जास्त असेल आणि हाताशी चढता तरुण घोडा नसेल, तर पूर्ण वेळ फिरणं थांबवावं. घरापासून चार-पाच तासांच्या टप्प्यातल्या स्पर्धा चालू ठेवाव्यात. सगळं एका दिवशी बंद करणाऱ्यांना ते सोसत नाही. ज्या माणसाचे २५ वर्षांचे सगळे मित्र ट्रेलरच्या वाहनतळावर भेटत होते, तो घरी एकटा पडतो. याची लाज वाटू नये आणि डॉक्टरकडे जायला उशीरही करू नये.

आता पुढचं आयुष्य. टीम रोपरला एक मोठी सोय आहे, जी बैलावर बसणाऱ्याला नाही: या खेळात हौशी लोक हजारोंनी आहेत आणि ते पैसे खर्च करतात. याचं मूळ क्रमांकपद्धतीत आहे. १९९० मध्ये डेनी जेन्ट्री यांनी सुरू केलेल्या संघटनेने प्रत्येक रोपरला त्याच्या कुवतीप्रमाणे क्रमांक दिला. स्पर्धेला मर्यादा असते, समजा दोघांची बेरीज १० च्या वर नको. मग साठ वर्षांचा शेतकरी आणि पंचविशीतला पट्टीचा हीलर जोडीने खेळू शकतात. पुढे वर्ल्ड सिरीज ऑफ टीम रोपिंग निघाली आणि तिची अंतिम स्पर्धाही डिसेंबरात लास व्हेगासलाच भरते. निवृत्त व्यावसायिकाचा क्रमांक वरचा असल्याने त्याला बऱ्याच गटांत खेळताच येत नाही, आणि तो क्रमांक वय किंवा दुखापत दाखवूनही सावकाशच खाली येतो. म्हणून हौशी स्पर्धांतून पोट भरू असं कुणी धरून चालू नये. त्या हौशी लोकांना शिकवणं, घोडे देणं आणि गोऱ्हे पुरवणं, यात पोट आहे.

शिकवण्याचं शिबिर दोन-तीन दिवसांचं असतं. १२ विद्यार्थी हा बरा आकडा. २० झाले की प्रत्येकजण तासात दोनदा घोड्यावर बसतो आणि बाकी वेळ कुंपणावर. १२ जणांना २० ते २५ गोऱ्हे लागतात, कारण एका गोऱ्ह्याला एका सत्रात तीन-चारपेक्षा जास्त वेळा पळवलं तर तो दमतो, आडवा पडायला शिकतो आणि शिबिराच्या तिसऱ्या दिवशी निकामी ठरतो. पहिली सकाळ जमिनीवर डमीपाशी. दुपारी गाडीमागे ओढायच्या यांत्रिक डमीवर घोड्यावरून. दुसऱ्या दिवशी शूटमधून, पण सावकाश गोऱ्ह्यांवर. एका फेरीनंतर एकच चूक सांगायची. विजेत्या खेळाडूला नेमकं हेच जमत नाही: त्याला पाच चुका दिसतात, तो पाचही सांगतो आणि विद्यार्थी पुढच्या फेरीत बॅरियर तोडतो. हेडर विद्यार्थ्याची नेहमीची चूक म्हणजे फास बसताच मान वळवून हीलरकडे बघणं. त्याबरोबर डावा हात खाली जातो आणि घोडा लवकर वळतो. हीलरची चूक म्हणजे गोऱ्हा वळताना कोपरा कापून आत शिरणं. दोन्ही गोष्टी चित्रफितीत दाखवल्या की पटतात, तोंडी सांगून पटत नाहीत.

या धंद्याच्या कागदांकडे सगळे दुर्लक्ष करतात. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत घोड्यांशी संबंधित कामात होणाऱ्या इजेबद्दल मालकाला काही संरक्षण देणारा कायदा आहे, पण त्यासाठी ठरलेल्या मजकुराची पाटी लावावी लागते आणि सहीचं संमतिपत्र घ्यावं लागतं. शिवाय दायित्वाचा विमा वेगळा घ्यायचा. दुसऱ्यांचे घोडे आपल्या तबेल्यात शिकायला असतील तर ताब्यातल्या जनावरांसाठीचा विमा आणखी वेगळा. साध्या शेतघराच्या विम्यात यातलं बहुधा काहीच बसत नाही.

घोडे तयार करणं हा सगळ्यात टिकाऊ उद्योग. विक्रमी २६ जगज्जेतेपदांचे मानकरी ट्रेव्हर ब्राझील यांनीही पूर्ण वेळ फिरणं कमी केल्यावर दाव्याच्या घोड्यांवरच भर दिला. हल्ली रोप हॉर्स फ्युच्युरिटी, म्हणजे तरुण घोड्यांच्या गुणांकनाच्या स्पर्धा वाढल्या आहेत, त्यामुळे चांगला घोडा रोडिओत न जाताही किंमत कमावतो. तीन वर्षांच्या घोड्याला आधी नुसतं गोऱ्ह्यामागे चालायला, मग ओंडका ओढायला, मग कप्प्यात उभं राहायला शिकवायचं. धरायची वेळ त्यानंतर. दीड-दोन वर्षांची तयारी घाईने सहा महिन्यांत उरकली की घोडा विकला जातो, वर्षभरात बिघडतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. विकताना घेणाऱ्याच्या वैद्याकडून पाय दुमडून चालवण्याची चाचणी आणि क्ष-किरण करू द्यावेत. लपवलेला पाय गावभर कळतो, आणि टेक्सासातल्या स्टीफनव्हिलसारख्या गावी, जिथे दर दुसऱ्या शेताला आखाडा आहे, तो संध्याकाळपर्यंत कळतो.

गोऱ्हे भाड्याने देणं हा जोडधंदा. कमी वजनाचे घ्यायचे, महिन्याला डोईमागे भाडं घ्यायचं आणि फार जड व्हायच्या आत विकायचे. नफा भाड्यात असतो, तोटा विक्रीच्या दिवशीच्या भावात आणि मेलेल्या जनावरात. भाडेकरूच्या वैरणीवर विश्वास ठेवू नये, महिन्यातून एकदा जाऊन फासळ्या बघाव्यात. याखेरीज दाव्याच्या कारखान्यांसाठी फिरती विक्री, नालबंदी, स्पर्धा भरवणं, समालोचन असे मार्ग आहेत. नाव ताजं असताना त्यातलं एखादं धरावं. पाच वर्षांनी नवे चेहरे आलेले असतात.

करांबद्दल एकच, पण नीट ऐकण्यासारखं. बक्षिसाची रक्कम हे स्वयंरोजगाराचं उत्पन्न. निव्वळ नफ्यावर नेहमीच्या प्राप्तिकराशिवाय साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर, आणि भरणा वर्षातून चार वेळा. खर्च आणि घसारा दाखवून नफा शून्यावर आणणं तरुणपणी गोड वाटतं. पण अमेरिकेतलं सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन जास्तीत जास्त कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरतं. दाखवलेलं उत्पन्न शून्य असेल तर त्या वर्षाचा शून्यच धरला जातो. ३५ पैकी २० शून्यं असलेला माजी फायनलिस्ट पासष्टीत हताश होतो. घोड्यांच्या व्यवसायात सात वर्षांपैकी दोन वर्षं नफा दिसला तर तो हौस नसून व्यवसाय आहे असं कर विभाग सहसा धरून चालतो, त्यामुळे नफा दाखवणं तसंही हिताचं. जिंकलेल्या प्रत्येक धनादेशातला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात आणि फायनल्सचं वर्ष लागलं तर त्यातून थेट निवृत्ती खात्यात, ही सवय पहिल्याच हंगामात लावावी. दुखापतग्रस्त रोडिओ खेळाडूंसाठी १९८९ पासून जस्टिन काउबॉय क्रायसिस फंड आहे आणि त्याने अनेकांना सावरलं आहे, पण तो संकटातला आधार आहे, पेन्शन नव्हे.

राहिला म्हातारा घोडा. मालक थांबला की त्याला एकदम कुरणात सोडून देतात, ते चूक. वर्षानुवर्षं काम केलेल्या घोड्याचे सांधे बसून आखडतात. धान्य हळूहळू कमी करावं, मागचे नाल काढावेत, दात वर्षातून एकदा घासून घ्यावेत आणि आठवड्यात तीन-चार दिवस चालवावं. शांत हील-घोडा असेल तर शिबिरातल्या लहान मुलांना त्याच्यावर बसवावं. मुलाची फेक चुकली तरी तो आपल्या जागी जाऊन उभा राहतो, आणि हीलरने कुठे उभं राहायचं असतं ते मुलाला घोड्याकडूनच कळतं.